कुर्डुवाडी ते लातूर, एका भाकरीत

येडशीच्या सरकारी दवाखान्यात कुठलीही बाई कुठलंही दुखणं घेऊन आली, तरी आपा तिला आधी एकच सांगायच्या, "खोक."

बोटात काटा मोडलेला असो, डोळे आलेले असोत, नाहीतर कडेवरच्या पोराला जुलाब होत असोत. बाई गोंधळून म्हणायची, "आपा, मला खोकला न्हाय." आपा चष्मा नाकावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "न्हाय म्हणूनच सांगते. असता तर दवा दिली असती. खोक." मग ती बाई पदर तोंडाला लावून खोकायची आणि आपा तिच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायच्या. स्टेशनाजवळच्या पारावर बसणारी माणसं म्हणायची, या नर्सबाईची विद्याच उलटी, खोकला गळ्यात शोधायचा सोडून तळपायात शोधते.

मी सध्या औरंगाबादला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरात चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. वसतिगृहातल्या मैत्रिणी आपल्याला कुणी घडवलं ते सांगत बसतात, तेव्हा मला कुठल्याही मास्तरांच्या आधी आपा आठवतात आणि मी गप्प राहते. आपांबद्दल सांगायचं तर बायकांच्या एका दुखण्याबद्दल सांगावं लागतं, आणि ते बोलायची आम्हाला सवय नाही. लिहितानाही हात अडखळतो आहे. पण ते वगळून आपा सांगताच येत नाहीत. मागच्या सुट्टीत मी आईला विचारलं, लिहू का? तिनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं. मग म्हणाली, "लिव्ह. पर नाव माझंच घाल, दुसऱ्या कुणाचं नगं."

तर माझ्या आईचं नाव रुक्मिणी. आणि आपांचं नाव जैनबबी. पण ते नाव फक्त दवाखान्याच्या हजेरीत होतं. गावात सगळ्या बायकांच्या त्या आपाच होत्या.

त्या आल्या तेव्हा निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. हैदराबादच्या एका बायकांच्या दवाखान्यात त्या सुईणकाम शिकल्या होत्या. नवरा वारलेला, एकुलती मुलगी लग्न होऊन हैदराबादलाच. उंच, सडपातळ, पांढऱ्या साडीचा पदर डोक्यावरून कधी ढळायचा नाही, आणि चालणं मात्र टपालवाल्यासारखं झपझप. कमरेला एक जुना मखमली बटवा असायचा. त्यात लवंग, सुपारी, बडीशेप आणि औषधांच्या कपाटाची किल्ली. बोलायच्या मराठीच, पण मधेच 'हौ' आणि 'नक्को' यायचं.

आमचे दादा, म्हणजे वडील, बार्शी लाइनीच्या रेल्वेवर रूळ ठोकणारे गँगमन होते. स्टेशनामागे आमची एक खोली आणि पडवी. मी थोरली, माझ्या पाठीवर तिघं. शेवटचा गण्या आईला फार जड गेला. दीड दिवस ती अडली होती. त्या बाळंतपणानंतर तिचे गुडघे धरले.

निदान ती तसं म्हणायची. पाण्याची विहीर ओढ्याकाठी, खाली. डोक्यावर दोन घागरी आणि कडेवर कळशी घेऊन चढ चढावा लागायचा. आई म्हणाली, "गुडघं साथ देईनात." ती विहिरीवर जायची थांबली. श्रावणातल्या सोमवारी ती न चुकता रामलिंगाला जायची, तेही थांबलं, कारण देऊळ घळीत आहे आणि परत वर यायला पायऱ्या आहेत. मग पाणी कोण आणणार? मी बारा वर्षांची होते, सहावीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर माझी शाळा सुटली.

सकाळी सहा खेपा आणि सांजेला चार. शाळेची घंटा विहिरीवर ऐकू यायची. सांजेला मी करडईच्या तेलात निरगुडीचा पाला कढवून केलेलं तेल आईच्या गुडघ्यांना चोळत बसायची. चोळताना आई माझ्याकडे बघत नसे. मला वाटायचं, तिला माझी किंमत नाही. एकदा मी तेलाची बाटली आपटून म्हणाले होते, "तुझ्या गुडघ्यांपायी माझी शाळा गेली. एवढी चांगली चालतेस की घरात." पदराआड तिनं तोंड पुसलं तेवढं मी पाहिलं आणि तरीही मला वाईट वाटलं नाही. ते आता वाटतं.

चैत्रात गण्याच्या डोक्यात गळवं झाली म्हणून आई त्याला घेऊन दवाखान्यात गेली. मी बरोबर होते. आपांनी गळवं पुसली, मलम लावलं आणि आईकडे वळून म्हणाल्या, "खोक."

"मला खोकला न्हाय, आपा."

"सगळ्या हेच बोलतात. खोक बघू."

आईनं आधी एक पाऊल दुसऱ्या पावलावर चढवलं, गुडघे घट्ट मिटले आणि मग खोकली. आपांनी ते पाहिलं. माझ्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ही शाळंत जाती का?"

"जात व्हती. माझं गुडघं धरलं, मग पाण्याला कोन?"

"गुडघे?" आपा खाली बसल्या. त्यांनी आईचे दोन्ही गुडघे दाबून पाहिले, वाकवून पाहिले. "ऊठ. बस. परत ऊठ." आई उठली, बसली, उठली. आपा म्हणाल्या, "हे गुडघे तर घोडीचे हायेत. दुखणं हिथं न्हाय, रुक्मा."

त्यांनी मला बाहेर पाठवलं. पडद्याआड बराच वेळ गेला. मी ओट्यावर गण्याला खेळवत बसले. मग आपांनी मला आत बोलावलं. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"ऐक बेटा," आपा म्हणाल्या. "तुझी माय खोकली, हसली, घागर उचलली की तिची लघवी सुटते. थोडीशीच, पण लुगडं भिजतंय. चढावर तर पावलागणिक. म्हणून ती इहिरीवर जाईना. गण्याच्या टायमाला खालचे स्नायू ताणले, सैल झाले. ही बेशरमी न्हाय, देवीचा कोप बी न्हाय."

"तिला कशाला सांगता," आई भिंतीकडूनच म्हणाली.

"तिला न्हाय तर कुणाला सांगू? ती उद्या बाई व्हनार हाय. आन् सहा महिने तुझे चांगले गुडघे चोळती ती."

मी आईकडे बघू शकले नाही. बाटली आपटली होती तो दिवस आठवत होता.

आई कधीच कुणापुढे मन उघडं करत नसे, तरी त्या दिवशी ती आपांचं ऐकायला तयार कशी झाली, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पडद्याआड आपांनी तिला स्वतःचं सांगितलं होतं. मुलीच्या जन्मानंतर त्यांचंही असंच झालं होतं. नमाजाला वाकल्या की लघवी सुटायची, वजू तुटायचा, पुन्हा हातपाय धुवायचे, पुन्हा वाकायचं, पुन्हा तेच. "सात वर्सं मी नमाज धड पढले न्हाय, रुक्मा. कुणाला विचारू? मौलवीला? सासूला?" मग दवाखान्यातल्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी त्यांना ते सैल स्नायू आवळायची एक कसरत शिकवली. आई म्हणते, "त्यांचं नमाजाचं ऐकलं आन् माझं रामलिंगाचं त्यांना सांगून टाकलं."

कसरत शिकवताना आपांनी कमरेचा बटवा सोडून आईच्या हातात दिला. "नाडी ओढ. बघ, तोंड कसं मिटतं आन् वर उचलतं. तसंच खालून आत आन् वर ओढायचं. पोट न्हाय, मांड्या न्हाय, दात तर बिलकूल न्हाय." आईनं ओढून पाहिलं. तिचे गाल फुगले, मान ताठ झाली.

"श्वास कोंडलास. बोल काहीतरी. बोलता आलं की श्वास चालू हाय."

"काय बोलू?"

"काय बी. नवऱ्याला शिव्या दे."

"त्यांनी काय केलंय?"

"चार पोरं केली की. बरं, नवरा नक्को तर त्याच्या गाडीला दे."

आईला हसू आलं आणि लगेच तिनं पाऊल पावलावर चढवलं. आपा म्हणाल्या, "हसायच्या आधी नाडी ओढायची, पाय न्हाय. चल, बोल." आईला दुसरं काही सुचेना. दादा घरात कायम लाइनीबद्दलच बोलत, त्यामुळे तिला स्टेशनं पाठ होती. ती म्हणू लागली, "कुर्डुवाडी... बार्शी..." आणि थांबली. "सुटली, आपा."

"पहिल्या दिशी बार्शी लई झाली," आपा म्हणाल्या. "आता लातूरपर्यंत न्यायची."

मग त्यांनी विचारलं, "दिवसाला भाकरी किती करतीस?" आई म्हणाली, दोन्ही वेळच्या मिळून पंचवीस. "बस. येगळा टाइम काढायचा न्हाय. भाकरी तव्यावर पडली की कुर्डुवाडी सोडायची. नाडी सुटंल ते स्टेशन ध्यानात ठेवायचं. मग दुसरी भाकरी थापेपर्यंत ढिलं सोडायचं. ढिलं सोडणं बी दवाच हाय, ते इसरू नक्को. आन् घागर उचलायच्या आधी, खोकायच्या आधी, शिंकायच्या आधी नाडी ओढ, मग उचल."

दाराशी आल्यावर त्यांनी आईला आणखी एक विचारलं. "पाणी किती पितीस?" आई दुपारनंतर घोटभरही पाणी पीत नसे, हे मला माहीत होतं. मला वाटायचं, तिला तहान लागत नाही. आपा म्हणाल्या, "पाणी तोडू नक्को. पाणी तोडलं की लघवी जळते आन् आणखी घाई करते. पी पोटभर." आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवून, "तीन महिन्यांनी ही शाळंत. कबूल?"

आई म्हणाली, "कबूल."

तेव्हापासून आमच्या घरात भाकरी तव्यावर पडली की आईचे ओठ हलायचे. कुर्डुवाडी, बार्शी, पांगरी, येडशी, ढोकी, मुरूड, लातूर. पहिले पंधरा दिवस ती पांगरीच्या पुढे गेलीच नाही. धाकटे दोघं तिच्याबरोबर म्हणू लागले, त्यांना तो खेळच वाटला. दादा एकदा जेवता जेवता म्हणाले, "आता मलाच घरी बसव आन् तू जा ड्यूटीवर." आई पुढची भाकरी थापू लागली, पण तिच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते.

आपांनी आणखी चार बायकांना हेच शिकवलं. बाजारात भेटल्या की आपा लांबूनच विचारायच्या, "गाडी कुठवर आली?" कुणी म्हणायची ढोकी, कुणी हिरमुसून म्हणायची, "बार्शीलाच अडकली, आपा." त्यावर आपा म्हणायच्या, "अडकू दे. गाडी हाय, उडनखटोला न्हाय." एकदा एका बाईनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं की तिची पहिल्याच आठवड्यात लातूरला पोचली. आपांनी भर बाजारात तिच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पोटानं गेली ही. उतर खाली, परत कुर्डुवाडीपासून."

महिन्याचे चार दिवस मोठी अडचण व्हायची. आई पडवीत बाजूला बसायची, चुलीला शिवायची नाही आणि भाकऱ्या मी करायची. भाकरी तिच्या हातात नाही म्हणून पहिल्या महिन्यात तिची कसरत चार दिवस बंद पडली. आपांना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तू बाजूला बसलीस, अंग कुठं बाजूला बसलंय? पोरीच्या भाकरीवर गाडी सोड." मग मी आत भाकरी थापायची आणि तव्यावर टाकताना मोठ्यानं सांगायची, "टाकली गं." बाहेरून आईचा आवाज यायचा, "कुर्डुवाडी, बार्शी, पांगरी..." माझ्या भाकऱ्या तेव्हा वाकड्यातिकड्या व्हायच्या. पण आईचं आणि माझं काही एक चाललं आहे, आम्ही दोघी मिळून कुठंतरी निघालो आहोत, असं त्या चार दिवसांत वाटायचं. वसतिगृहात भाकरी आली की मला आधी तो बाहेरून येणारा आवाज आठवतो.

नागपंचमीच्या आधी एका सकाळी मी तिसरी खेप घेऊन चढ चढत होते. वरून आई आली. तिनं माझ्या डोक्यावरची वरची घागर उतरवली, क्षणभर थांबली, मला दिसलं की ती आधी नाडी ओढते आहे, आणि मग घागर स्वतःच्या डोक्यावर ठेवली. "ती बी दे," ती म्हणाली. "तू शाळंला जा." मी तिच्या मागून चालत वर आले. तिचं लुगडं कोरडं होतं. मी तसं मुद्दाम बघितलं, आणि तिनंही वर पोचल्यावर वळून माझ्याकडे बघितलं.

मी शाळेत गेले. तिथंच सगळं संपलं असतं तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं.

आईनं एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. ज्या दिवशी आपांनी बटवा हातात दिला तो सोमवार होता. आईनं मनात तेव्हाच रामलिंगाला बोलून टाकलं, सोळा सोमवार हे करीन, मला बरं कर. आपा तीन महिने म्हणाल्या होत्या, आईनं त्यात देवाचे थोडे जास्त घातले. बाकीच्या चार बायकांनाही तिनं हेच सांगितलं. श्रावणात सोळावा सोमवार आला. पाचही जणी रामलिंगाला गेल्या, पायऱ्या उतरल्या, चढल्या आणि घरोघरी उद्यापन केलं. चुरम्याचे लाडू केले. पाचही घरी आपांना जेवायला बोलावलं. आपा प्रत्येक घरी गेल्या, लाडू खाल्ला, म्हणाल्या, "रामलिंगानं ऐकलं ना? बस."

आपा देवाच्या व्रताचं जेवत होत्या. बायकांनी मात्र देवाबरोबर कसरतीचंही उद्यापन केलं होतं. व्रत पुरं झालं, फळ मिळालं, आता ते करत राहिलं तर देवावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या तव्यावर भाकरी मुकी पडू लागली. मी तिथंच पुस्तक घेऊन बसलेली असायची. आईचे ओठ हलत नाहीत हे मला दिसत होतं. माझी शाळा सुरू झाली होती, म्हणून मी विचारलं नाही.

थंडी पडली, आईला सर्दी-खोकला झाला. मग संक्रांतीनंतर एका सांजेला ती मला म्हणाली, "इंदू, तेलाची बाटली दे गं जरा. गुडघं दुखत्यात."

सहामाहीत माझा वर्गात तिसरा नंबर आला होता. वार्षिक परीक्षा दोन महिन्यांवर होती. मी बाटली आणायला उठले आणि बाटली न आणता दवाखान्यात गेले. रस्ताभर मला वाटत होतं की मी आईची चहाडी करायला चालले आहे. आपांना मी एवढंच सांगितलं, "मायनं तेल मागितलं."

आपा लगेच निघाल्या. घरात येऊन त्यांनी दारातूनच म्हटलं, "खोक." आईनं पाऊल पावलावर चढवलं.

"गाडी बंद केलीस?"

"उद्यापन केलं की, आपा," आई खाली मान घालून म्हणाली. "सोळा सोमवार झालं. तुमी बी जेवला."

आपा आधी तिच्याकडे बघतच राहिल्या. मग हसायला लागल्या, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. हसता हसता त्या थांबल्या आणि तशाच उंबऱ्यावर बसल्या. "हौ. जेवले की. पाची घरचा चुरमा मीच खाल्ला. मला अक्कल न्हाय आली ह्या बाया काय बंद करायलेत म्हणून." थोडा वेळ त्या बटव्याच्या नाडीशी चाळा करत राहिल्या. "चूक माझी, रुक्मा. तीन महिने बोलले, पुढं काय ते बोललेच न्हाय. देवाचं उद्यापन व्हतंय, अंगाचं न्हाय व्हत. चुलीचं करतीस का कधी उद्यापन? आता बास, खायचं झालं म्हणून? मी पंधरा वर्सं करतेय, आज बी केलं. भाकरी हाय तवर गाडी हाय."

आई म्हणाली, "आता परत बार्शीपासनं?"

"हौ. पण रस्ता ठावा हाय आता. लवकर पोचशील."

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तू उद्या शाळंलाच जा. पाणी दोन खेपा कमी आनू. न्हायतर तुझं दादा आनतील." दादांनी सहा आठवडे पाणी आणलं. बाप्यानं घागर वाहिली म्हणून पारावर लोक हसले. दादांना कारण कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. आपांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं, "गँगमनसाब, रूळ ढिला झाला तर बदलता का ठोकून बसवता?" दादा म्हणाले, "बसवतो." "मग टाइम लागतो ना?" "लागतो." "बस, तेवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी आपा बाकीच्या चारही घरी झपझप फिरल्या, आणि गावात पुन्हा पाच चुलींवर गाड्या सुरू झाल्या. मी सहावी पास झाले. सातवीत गेले.

त्याच वर्षी कार्तिकात राज्यांची वाटणी झाली. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. नोकरांना कुणीकडे जायचं ते विचारत होते. आपांची मुलगी हैदराबादला, तिला दिवस गेलेले. आपांनी हैदराबाद लिहून दिलं. आईला त्यांनी हे चूल पेटलेली असताना सांगितलं. आईनं भाकरी तव्यावर टाकली, तिचे ओठ हलले नाहीत. आपा म्हणाल्या, "सोड की गाडी." आईनं पदर तोंडाला लावला. ती भाकरी तशीच गेली.

कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीनं त्या निघाल्या. पाचही जणी स्टेशनावर आल्या होत्या. आईनं भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली. खिडकीतून आपांनी मला जवळ बोलावलं. "बेटा, मोठी शाळा शिक. आन् शिकलीस तर हे बोलायला शिक. मी एकटी किती गावं करू?" मी मान हलवली. मला तेव्हा कळलं नाही की त्या माझ्याकडून काही मागून घेत आहेत.

गाडीनं शिट्टी दिली. आपा आईकडे बघून म्हणाल्या, "खोक."

आई फलाटावर दोन्ही पाय नीट रोवून उभी राहिली आणि खोकली. एकदा नाही, दोनदा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पाऊल जागचं हललं नाही. आपांनी तिच्या पायांकडे बघितलं, मान डोलावली, आणि गाडी हलली.

एक पोस्टकार्ड आलं, उर्दूत. आमच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. नात झाली होती. खाली लिहिलं होतं, "गाडी कुठवर आली?" मास्तर म्हणाले, येडशीच्या गाडीची एवढी चौकशी कशाला करतात कळत नाही. मी आईच्या वतीनं उत्तर लिहिलं, "लातूर." त्यानंतर पत्र आलं नाही. मी दोन लिहिली, ती परतही आली नाहीत. आपा आता कुठं आहेत, आहेत की नाहीत, मला माहीत नाही. हैदराबादहून येणाऱ्या मुली वसतिगृहात भेटतात, त्यांना मी विचारते. त्या हसतात. एवढ्या मोठ्या शहरात एक जैनबबी कशी सापडणार?

आपा गेल्यावर महिन्याभरात आईनं दादांना विचारलं होतं, कुर्डुवाडीच्या पुढं कोणकोणती स्टेशनं लागतात. दादांना बार्शी लाइनीपलीकडचं माहीत नव्हतं. त्यांनी स्टेशनमास्तरांना विचारून एका कागदावर नावं लिहून आणली. आईला वाचता येत नाही, मी वाचत गेले, ती पाठ करत गेली.

मागच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मी चुलीपाशी बसले होते. आईच्या केसांत आता पांढरं आलं आहे, पण विहिरीवर ती अजून जाते. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि ओठ हलू लागले. आता तिची गाडी लातूरला जात नाही. येडशीहून निघते आणि दुसऱ्या बाजूला जाते. पांगरी, बार्शी, कुर्डुवाडी, सोलापूर, गुलबर्गा, वाडी, तांडूर. भाकरी उलटायला झालेली असते, कडा उचलून येतात, पण आई उलटत नाही. हैदराबाद म्हणून झाल्यावरच तिचा हात तव्याकडे जातो. तेवढ्यात एका बाजूनं भाकरी थोडी करपते. आम्ही ती तशीच खातो.